खर्चाच्या नावाखाली बगीचा बंद झाला तर: इंदूरच्या रहिवाशांसाठी हिशेब, अर्ज आणि पाठपुरावा

वस्तीतल्या बगीच्याला कुलूप लागलं की पहिला राग दारावरच्या चौकीदारावर निघतो. मग तो पार्षदांकडे, म्हणजे नगरसेवकांकडे, वळतो आणि पंधरा दिवसांत लोक रस्त्यावरूनच शतपावली करायला लागतात. राग योग्यच आहे. दरवर्षी मालमत्ता कर भरणाऱ्या घरातल्या आजींना संध्याकाळी बसायला एक बाकडं मिळू नये, ही किरकोळ गोष्ट नाही. पण नुसत्या रागाला कार्यालयात आवक क्रमांक मिळत नाही. तो कागदाला मिळतो, आणि कागदात दम येतो तो हिशेबामुळे. "पैसे नाहीत" हे उत्तर ऐकून बहुतेक लोक परत फिरतात, कारण पुढे कोणता प्रश्न विचारायचा ते माहीत नसतं. तो प्रश्न असा: बगीचा बंद ठेवल्यामुळे नेमके किती रुपये वाचणार आहेत, आणि तेवढेच रुपये दार उघडं ठेवून वाचवता येतात का? बहुतेक ठिकाणी येतात. ते कसं दाखवायचं ते पुढे लिहिलं आहे.

आधी जागा कुणाची ते शोधा

सगळे बगीचे निगमचे असतात असं धरून चालू नका. इंदूरमध्ये काही बगीचे नगर निगमच्या उद्यान विभागाकडे आहेत, काही विकास प्राधिकरणाच्या योजनांमधले आहेत, काही हाउसिंग बोर्डाच्या कॉलन्यांतले, तर काही गृहनिर्माण संस्थेनं किंवा कॉलनायझरनं (कॉलनी पाडून प्लॉट विकणाऱ्यानं) नकाशात दाखवलेले पण निगमकडे कधीच हस्तांतरित न झालेले. शेवटच्या प्रकारात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. तुम्ही निगमच्या झोनच्या (विभागीय) कार्यालयात जाता, तिथे "हा आमचा नाहीच" म्हणतात. संस्थेकडे जाता, ती म्हणते "आम्ही केव्हाच सोपवला."

यावर उपाय एकच. नगर तथा ग्राम निवेश (नगररचना) कार्यालयातून कॉलनीच्या मंजूर ले-आउटची प्रमाणित प्रत काढा. त्यात बगीच्याची जागा, क्षेत्रफळ आणि आरक्षण दिसतं. सोबत निगमच्या कॉलनी सेलकडे हस्तांतरणाचा कागद मागा. हे दोन कागद हातात असले की पुढचं पत्र कुणाच्या नावे लिहायचं यावर वाद उरत नाही. नकाशा आणखी एका कारणासाठी जपून ठेवा. काही ठिकाणी खर्चाचं कारण पुढे करून बंद केलेल्या जागेवर नंतर पाण्याची टाकी, पार्किंग किंवा सामुदायिक भवन उभं राहतं. तसं काही शिजत असेल तर तुमची खरी ढाल हाच नकाशा आहे.

पहिल्या तीन दिवसांत काय काय टिपून ठेवायचं

कुलूप लागल्याबरोबर बाहेरून आणि जमल्यास आतून फोटो काढा. दार, कुलूप, लावलेली सूचना (नसेल तर सूचना नसलेलं दार), नामफलक, झुले, घसरगुंड्या, ओपन जिमची यंत्रं, नळाच्या तोट्या, बोअरवेलचा बॉक्स, प्रत्येक दिव्याचा खांब, सगळं घ्या. मोबाइलमध्ये तारीख आणि स्थान चालू ठेवा. विजेच्या मीटरचा जवळून फोटो घ्या, त्यात आकडा स्वच्छ वाचता आला पाहिजे. बिलाचा आयव्हीआरएस नंबर (वीज ग्राहक क्रमांक) पेटीवर लिहिलेला असेल तर तोही टिपा. महिन्यानंतर त्याच मीटरचा दुसरा फोटो घेतला की बंद बगीच्यात किती वीज जळते ते कुणाला विचारावं लागत नाही.

या फोटोंची यादी करा: झुले किती, बाकं किती, तोट्या किती, खांब किती, त्यातले चालू किती. बंद बगीच्यातल्या तोट्या, केबल आणि लोखंडी जाळ्या सगळ्यात आधी नाहीशा होतात. सहा महिन्यांनी "दुरुस्तीलाच एवढा खर्च येतो, म्हणून उघडता येत नाही" असं सांगितलं जातं, तेव्हा बंद होताना आत काय धडधाकट होतं हे दाखवणारा कागद फक्त तुमच्याकडे असेल.

बगीचा अजून उघडा असेल आणि बंद होण्याची नुसती चर्चा असेल, तर माणसं मोजा. एक माणूस दाराशी बसवा. दर पंधरा मिनिटांनी आत गेलेल्यांची नोंद चार रकान्यांत करा: मुलं, बायका, पुरुष, साठीपुढचे. एक साधा वार, एक रविवार आणि एक सुटीचा दिवस, सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते नऊ. तेवढं पुरतं. एकाहून जास्त दारं असतील तर प्रत्येक दाराशी माणूस हवा, नाहीतर आकडा अर्धवट राहतो आणि समोरचा अधिकारी तिथेच पकडतो. दुपारची नोंदही एकदा कराच. दुपारी जवळजवळ कुणी नसतं, आणि पुढे वेळेच्या प्रस्तावात तीच गोष्ट कामी येते.

कागद मागायचा तो असा

पहिलं पत्र साधं असू द्या, पण त्यात माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4(1)(घ) चा उल्लेख करा. प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित लोकांना देणं या कलमानुसार कार्यालयाचं स्वतःचं कर्तव्य आहे, त्यासाठी अर्जाची वाट बघायची नसते. हे पत्र निगम आयुक्त आणि झोनचे अधिकारी या दोघांच्या नावे द्या, आणि आवक शाखेचा शिक्का व क्रमांक असलेली दुसरी प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पत्राला पाठपुरावा नसतो.

आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर लगेच माहितीचा अर्ज टाका. तो हिंदीत लिहा. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा चालते. इंदूरमध्ये मराठी अर्ज परत येऊ शकतो आणि महिना हातचा जातो. मध्य प्रदेशात अर्जाची फी 10 रुपये आहे. रोख भरली तर पावती अर्जाला जोडा. गरिबीरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही, फक्त कार्डाची प्रत लागते.

"बगीचा का बंद केला?" असं विचारू नका. 'का' या प्रश्नाला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, कागदाच्या मागणीला मिळतं. म्हणून प्रत्येक मुद्दा "…की प्रमाणित प्रति दें" असाच संपवा. मागायचं काय, तर:

• बगीचा बंद करण्याचा आदेश आणि त्यामागची पूर्ण नोटशीट (फाइलवरच्या शेऱ्यांची पानं), सगळ्या टिप्पण्यांसह.
• हा निर्णय महापौर परिषदेत किंवा निगम परिषदेत झाला असेल तर तो ठराव.
• मागच्या तीन आर्थिक वर्षांत या बगीच्यावर झालेला खर्च, मदवार: वीज, पाणी, मजुरी, सुरक्षा, दुरुस्ती, रोपं-खत.
• मागच्या बारा महिन्यांची विजेची बिलं (मीटरचा नंबर द्या).
• इथे नेमलेले माळी आणि चौकीदार कायम, दैनिक वेतनभोगी की ठेकेदाराचे, याची यादी आणि बंद झाल्यानंतर त्यांची नेमणूक कुठे केली तो आदेश.
• देखभालीचा ठेका असेल तर करार, आणि शेवटच्या सहा देयकांच्या प्रती.
• उद्यान विभागासाठी चालू वर्षाच्या बजेटमधली तरतूद आणि आजपर्यंतचा प्रत्यक्ष खर्च.

शेवटचा मुद्दा विसरू नका. "बजेट नाही" म्हणत असताना तरतुदीतली रक्कम शिल्लक असणं ही दुर्मिळ गोष्ट नाही, आणि ती बाहेर आली की बोलणंच बदलतं. पाचव्या मुद्द्याचं महत्त्व पुढे हिशेबात कळेल.

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. मुदत उलटल्यावर माहिती आली तर ती मोफत द्यावी लागते. उत्तर नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील करा, फी 50 रुपये. त्याचा निकाल तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत लागायला हवा. तिथेही काम झालं नाही तर नव्वद दिवसांत भोपाळच्या राज्य सूचना आयोगाकडे दुसरं अपील, फी 100 रुपये. आयोगात वेळ लागतो, म्हणून सगळी मोहीम त्या एका अर्जावर टांगून ठेवू नका. आणि एक करा: पहिल्याच अर्जात कलम 2(ञ) खाली अभिलेखाच्या निरीक्षणाची मागणीही घाला. समोर बसून नोटशीट चाळताना अशा पानांवर नजर पडते, जी मागायची हे अर्ज लिहिताना सुचलेलं नसतं.

हिशेब: बंद करून वाचतं किती

इथे वेळ द्या. बाकी सगळं या एका तक्त्यावर उभं आहे.

कागदावर चार रकाने पाडा. पहिल्यात कुलूप लावल्यावर पूर्ण थांबणारा खर्च, दुसऱ्यात कमी होणारा, तिसऱ्यात जसाच्या तसा चालू राहणारा, चौथ्यात बंद केल्यामुळेच नव्यानं उभा राहणारा. निगमची नोटशीट बहुतेक वेळा बगीच्याचा सगळा वार्षिक खर्च पहिल्या रकान्यात टाकते आणि तेवढी बचत झाली म्हणते. तसं होत नसतं.

माळी कायम असेल तर त्याचा पगार थांबत नाही, तो दुसऱ्या बगीच्यात जातो. ही रक्कम तिसऱ्या रकान्यात. चौकीदार तर बंद जागेला जास्तच लागतो. वीज कनेक्शन तोडलं नसेल तर नियत प्रभार (वापर नसला तरी दरमहा लागणारी ठरावीक रक्कम) चालू राहतो. ठेका असेल तर तो मुदतीआधी संपवण्याची अट करारात वाचा. नोटीस काळाचं देयक द्यावंच लागत असेल तर त्या महिन्यांची बचत शून्य.

आता वीज. अर्ध्या एकराचा, म्हणजे सुमारे दोन हजार चौरस मीटरचा, मध्यम बगीचा धरू. सोळा खांबांवर 150 वॅटचे जुने सोडियम दिवे आहेत. चोकसकट एक दिवा सुमारे 170 वॅट ओढतो. अकरा तासांचे रोज तीस युनिट, महिन्याला नऊशे. कारंज्याची 5 एचपीची मोटर तासाला साधारण चार युनिट खाते. रोज तीन तास चालली तर महिन्याला 360. बोअरवेलचा 3 एचपीचा पंप तासाला अडीच युनिट, रोज दोन तास, महिन्याला दीडशे. एकूण 1,410 युनिट.

दाराला कुलूप लावलं तर कारंजं थांबेल, हिरवळ सोडून दिली तर पंपही थांबेल. पण चोरीच्या भीतीनं दिवे चालूच ठेवावे लागतात. म्हणजे वाचले 510 युनिट, आणि बगीचा गेला.

आता दार उघडं ठेवून बघा. सोडियमच्या जागी 40 वॅटचे एलईडी लावले तर तेच सोळा खांब अकरा तासांत सात युनिट घेतात, महिन्याला 210. कारंजं बंद. हिरवळ कमी केल्यामुळे पंप निम्मा, 75. एकूण 285 युनिट. म्हणजे 1,125 युनिटची बचत, बंद ठेवण्याच्या दुपटीहून जास्त, आणि मुलं आत खेळताहेत. रात्री दहानंतर टायमरनं एकाआड एक दिवा विझवला तर आणखी कमी. तुमच्या बगीच्याचे खांब आणि मोटरी मोजून हाच हिशेब पुन्हा मांडा. मोटरच्या पट्टीवर एचपी कोरलेलं असतं. पट्टी गंजली असेल तर इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्प मीटरनं करंट मोजून घ्या, अंदाजानं लिहू नका.

पाण्याचं तसंच. उन्हाळ्यात हिरवळीला चौरस मीटरमागे रोज चार-पाच लिटर लागतं. नऊशे चौरस मीटर हिरवळ म्हणजे रोज साडेचार हजार लिटर, जवळजवळ एक टँकर. इंदूरला नर्मदेचं पाणी तिच्या काठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर पंपांनी चढवून आणावं लागतं. ते पाणी हिरवळीवर ओतणं कुणालाच परवडणार नाही, आणि या एका गोष्टीत निगमचं म्हणणं खरं आहे. पण त्यावर उत्तर कुलूप नाही. मुलांच्या झुल्यांजवळची अडीचशे चौरस मीटर हिरवळ ठेवा, बाकीची दूब एप्रिल-मेमध्ये पिवळी पडू द्या. ती मरत नाही, पहिल्या पावसात परत फुटते. आपली काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा भरपूर पाणी द्या. गवत दोन इंचांपेक्षा खाली कापू नका, बोडकी माती भेगाळते आणि मुळं उघडी पडतात. तीन वर्षांपुढच्या कडुनिंब, करंज, बहाव्याला वेगळं पाणी लागतच नाही. नव्या रोपांना आळं करून आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर पुरे. इंदूर 2021 मध्ये देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर ठरलं, ते सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याच्या कामावरच. शुद्ध केलेल्या पाण्याचा हायड्रंट (पाणी भरून घ्यायचा नळ) तुमच्यापासून किती अंतरावर आहे ते झोनला लेखी विचारा. जवळ असेल तर बोअरवेल आणि नर्मदा दोन्ही हिशेबातून जातात. मात्र हे पाणी संध्याकाळी तुषार सिंचनानं उडवू नका, मुलं तिथेच असतात. सकाळी लवकर पाइपनं आळ्यात सोडा, आणि पिण्याच्या नळाची लाइन पूर्ण वेगळी ठेवा.

खत विकत आणायची गरज नाही. सेंद्रिय खताची जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाणारी रीत अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथल्याच वनस्पती उद्योग संस्थेत बसवली. दोन-अडीच फूट खोल खड्डा, त्यात पाल्याचा अर्धा फूट थर, वर शेणकाल्याचा आणि मातीचा पातळ थर, असे थर भरत वर या. ओल पिळलेल्या फडक्याएवढी ठेवा. दोन-तीन वेळा पलटा. तीन महिन्यांत खत तयार. वास आला तर पाणी जास्त झालंय, कोरडा पाला टाकून पलटा. खड्डा थंडच राहिला तर ओल किंवा शेण कमी आहे. पाला जाळायचा किंवा गाडीत भरून पाठवायचा खर्चही यातच वाचतो.

चौथा रकाना लोक विसरतात. उन्हाळ्यात बंद केलेल्या बगीच्यात जूनच्या पावसानंतर गाजरगवत गुडघ्यापर्यंत येतं. मागच्या भिंतीची एक वीट निघते, मग भगदाड पडतं. रात्री दारू पिणारे तिथून शिरतात आणि कडेला राडारोडा पडायला लागतो. झुल्यांचे बोल्ट आणि बेअरिंग गंजतात. उघडताना हे सगळं करावं लागतं: तण काढणं, तोट्या आणि केबल नव्यानं बसवणं, भिंत, झुल्यांची तपासणी, हिरवळ. या प्रत्येक कामाचा दर ठेकेदाराकडून कोटेशन म्हणून घ्या आणि रकान्यात लिहा. एका वर्षाची बचत आणि एकदा उघडण्याचा खर्च शेजारी ठेवले की आकडे स्वतःच बोलतात.

प्रस्ताव एका पानाचा द्या

"बगीचा पूर्ववत सुरू करा" ही मागणी अधिकाऱ्याला नाकारायला सोपी जाते. तिच्याऐवजी वेळ मागा: सकाळी साडेपाच ते नऊ, संध्याकाळी पाच ते साडेआठ, मधल्या वेळात बंद. दिवसाला सात तास. दुपारची नोंद जवळजवळ शून्य आहे हे मोजणीत दाखवलेलंच आहे. दार उघडण्या-लावण्यासाठी दोन रहिवाशांची नावं द्या, दोघंही बगीच्यासमोर राहणारे हवेत. माळ्याच्या कामावर कात्री लावायला सांगू नका. माळी गेला की तीन महिन्यांत बगीचा आपोआप बंद होतो, आदेशाची गरजही पडत नाही.

पैशाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे भली भली माणसं फसतात. बजेटमध्ये भांडवली खर्च वेगळा आणि रोजचा राजस्व खर्च वेगळा. विधायक (आमदार) निधी, खासदार निधी हे टिकाऊ कामांसाठी असतात, त्यातून माळ्याचा पगार किंवा वीजबिल निघत नाही. म्हणूनच ज्या बगीच्यात झाडू मारायला माणूस नाही तिथे नवीन ओपन जिम आणि निधीचा मोठा फलक दिसतो. विधायकांकडे जाताना आणखी एक यंत्र मागू नका. रोजचा खर्च कमी करणारी वस्तू मागा: एलईडी आणि टायमर, ठिबकची लाइन, पाण्याचा सम्प (जमिनीखालची टाकी), मागची भिंत, किंवा 3 किलोवॅटचं सौर संच. असं संच आपल्या उन्हात महिन्याला साधारण साडेतीनशे युनिट देतं, म्हणजे वरच्या हिशेबातला सुधारलेला बगीचा जवळजवळ त्यावरच चालतो.

प्रस्तावाच्या पानावर डावीकडे आजचा खर्च, मध्ये निगमची कुलूपबंद योजना, उजवीकडे तुमची योजना. खाली मोजणीचे आकडे. मागे फोटो. शंभर सह्या जोडायच्या तर प्रत्येक सहीपुढे घरक्रमांक हवा, तो नसलेल्या सह्यांना कार्यालयात वजन नसतं.

हे पान कुठे पोहोचवायचं

क्रम पाळा. आधी पार्षद, कारण शहरातल्या 85 वॉर्डांमध्ये प्रत्येक कामाला त्यांचं पत्र लागतंच. मग झोन. मग मंगळवारची जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी समोर बसून ऐकण्याची बैठक. ती निगममध्येही होते आणि कलेक्टर कार्यालयातही. तिथे पाच-सहा जण जा, त्यात एखाद्या ज्येष्ठ बाई आणि शाळेतलं मूल असू द्या, पण बोलणारा एकच ठेवा. दोन मिनिटांत आकडे सांगायचे असतात, सगळे एकदम बोलले की काहीच टिपलं जात नाही. अर्जावर कुणाच्या नावे काय शेरा मारला ते वाचूनच बाहेर या.

दिवा बंद, पाइप फुटला, कचरा पडला अशा सुट्या तक्रारी इंदूर 311 ॲपवर टाका. बंद करण्याच्या निर्णयाविरुद्धची तक्रार 181 वर, सीएम हेल्पलाइनला. तिथे तक्रार एल-1 पासून एल-4 पर्यंत वर चढते. मुदतीत निकाल लागला नाही की आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. म्हणून खालच्या पातळीवरून फोन येतो: "काम हो जाएगा, शिकायत बंद करवा दीजिए।" दार प्रत्यक्ष उघडलेलं बघेपर्यंत 'संतुष्ट' म्हणू नका. एकाच मजकुराच्या पन्नास तक्रारी टाकण्यात अर्थ नाही, त्या एकत्र जोडून एकदम बंद करता येतात. पाच घरांनी पाच वेगळे मुद्दे टाका: वेळ, दिवे, मागची भिंत, झुले, पिण्याचं पाणी.

दत्तक घ्यायला सांगितलं तर

"रहिवासी संघानं बगीचा चालवायला घ्यावा" असं बोलणं कधी ना कधी येतंच. वाईट नाही, पण हातात काय घेतोय ते बघा. कराराला नाव लागतं, म्हणून संघ मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम 1973 खाली नोंदलेला हवा. करारात मुदत, वीजबिल कोण भरणार, मोठी दुरुस्ती कुणाची, अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, हे लिहिलेलं पाहिजे. प्रवेश सगळ्यांना मोफत, लग्न-वाढदिवसाचं बुकिंग नाही, दुकान नाही, ही वाक्यं तुम्हीच घाला. नाहीतर दोन वर्षांत बगीचा कॉलनीपुरता होतो आणि पलीकडच्या वस्तीतल्या मुलांना हाकलायला कुणीतरी काठी घेऊन उभं राहतं. झाड तोडणं किंवा मोठी छाटणी संघाच्या हातात नाही. त्यासाठी 2001 च्या वृक्ष परिरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

वर्गणी गोळा करण्याआधी उद्यान विभागाच्या तरतुदीतली शिल्लक कागदावर बघा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सरकारनं 2011 मध्ये आपल्या 278 राज्य उद्यानांपैकी 70 बंद करण्याची यादी काढली. 2.2 कोटी डॉलर वाचवायचे होते, मुदत जुलै 2012 ची. लोक चिडले, तरी गावोगावच्या संस्थांनी पैसे जमवले, करार केले, आणि यादीतली बहुतेक उद्यानं वाचवली. त्याच जुलैमध्ये उघड झालं की उद्यान खात्याच्या दोन निधींत मिळून सुमारे 5.4 कोटी डॉलर न दाखवलेले पडून होते. खात्याच्या संचालकांना राजीनामा द्यावा लागला. देणगी देणाऱ्यांना काय वाटलं असेल ते सांगायला नको.

कोर्ट कधी

उच्च न्यायालयाचं खंडपीठ इंदूरमध्येच आहे, त्यामुळे अनुच्छेद 226 खाली याचिका करणं अवघड नाही. पण ती कुठे चालते ते समजून घ्या. बगीच्याची जागा दुसऱ्या कामाला वळवली जात असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. बेंगलोर मेडिकल ट्रस्ट प्रकरणात 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला देणं रद्द केलं. लखनौच्या झंडेवाला पार्कखाली बांधलेला बाजार पाडून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश 1999 मध्ये दिला. नुसता खर्चासाठी बगीचा बंद ठेवला असेल तर न्यायालय बजेटमध्ये हात घालायला सहसा तयार नसतं. बगीचे, उद्यानं, मैदानं हा विषय संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत आहे, तो मुद्दा याचिकेत घाला, पण एवढ्यावर विसंबून राहू नका. अशा वेळी कोर्टात उपयोगी पडतं ते हे की निर्णयाचा लेखी आदेशच नाही, किंवा तो सक्षम अधिकाऱ्यानं काढलेला नाही. आणि ते सिद्ध करायला माहिती अधिकारातलं उत्तरच लागतं.

दार उघडल्यावर

उघडण्याचा आदेश लेखी घ्या. त्यातली वेळ दारावर पक्क्या रंगानं लिहून घ्या, सोबत झोनच्या जबाबदार कर्मचाऱ्याचं पदनाम आणि संपर्क क्रमांक. मुलांना झुल्यांवर सोडण्याआधी प्रत्येक कडी हातानं ओढून बघा, बोल्ट हलतोय का, साखळीचा दुवा झिजलाय का, वेल्डिंगला तडा आहे का. शंका असलेला झुला दोरीनं बांधून ठेवा आणि 311 वर फोटोसह टाका. पाण्याच्या टाकीतलं साचलेलं पाणी पूर्ण काढून ती घासून धुवा. मग मीटरचा आकडा लिहा आणि दर महिन्याच्या एक तारखेला लिहीत जा. जानेवारी उजाडताच बारा आकड्यांचा हा कागद आणि एक पानाचा प्रस्ताव उद्यान विभागाला आणि पार्षदांना द्या, म्हणजे पुढच्या बजेटचा मसुदा बनतानाच तुमच्या बगीच्याची रक्कम आत बसेल. बजेट मंजूर झाल्यावर गेलात तर पुढच्या वर्षीच या, असंच सांगितलं जाईल.